बीएस-४ डिझेल मोडून इलेक्ट्रिक घ्यावी का? (गाडं सोसायटीच्या प्लगवर अडलंय)

वडगावचा_वाटसरू
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

२०१४ ची डिझेल हॅचबॅक आहे, बीएस-४ (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुरावरचे सरकारी निकष; ही चौथी पायरी). एक लाख अडतीस हजार किमी झाले, अजून लिटरला अठरा देते. रोज वडगाव ते पिंपरी, जाऊन-येऊन पन्नासेक किमी. वर्षातून पाच-सहा वेळा गुहागर, सासुरवाडी. गाडीला तशी खोड नाही. पण सकाळी पहिला स्टार्टर मारला की ती एक काळा ढेकर देते. मुलगी सातवीत आहे. हल्ली ती शाळेच्या फाटकाच्या बरीच अलीकडे उतरते आणि म्हणते, "बाबा, मी आत गेल्यावर सुरू करा."

शिवाय २०२९ ला पंधरा वर्षं भरतील, मग पुन्हा नोंदणी, पर्यावरण कर. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली तेव्हा त्यांच्या मालकांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

आहे तीच रेटू, बीएस-६ घेऊ, की सरळ इलेक्ट्रिक? इलेक्ट्रिककडे मन ओढतंय, पण सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, "आज तुम्ही प्लग मागाल, उद्या चाळीस जण मागतील. ट्रान्सफॉर्मर उडाला तर जबाबदार कोण?" अनुभवी लोकांनी लिहा प्लीज.

फणसाचा_गरा
गुहागर सासुरवाडी आणि तुम्ही गाडीचा विचार करताय? आंब्यांच्या पेट्या किती मावतात ते बघून गाडी घ्या. (दिवे घ्या)

हिशेबतपासनीस
महिन्याला साधारण १२५० किमी. अठराच्या सरासरीने सत्तर लिटर डिझेल, म्हणजे सव्वासहा हजार. इलेक्ट्रिक गाडी किमीला १४०-१५० वॅट-तास घेते. चार्ज होताना वाया जाणारी वीज धरून महिन्याला दोनशे युनिट. युनिटला नऊ रुपये धरले तरी अठराशे. महिन्याला साडेचार हजार वाचतात.

एकच सावधगिरी. घरच्याच मीटरवर जोडलंत तर स्लॅब चढतो आणि सगळ्या हिशेबाची वाट लागते. वाहन चार्जिंगसाठी महावितरणचा वेगळा दर आहे, त्याचा वेगळा मीटर घ्या. सेक्रेटरींच्या "जबाबदार कोण"चं उत्तरही त्यातच आहे. वेगळा मीटर, मंजूर भार, वेगळं बिल, सोसायटीच्या वायरीला हातही नाही.

बारातेराचा_पाना
गॅरेज टाकून एकोणीस वर्षं झाली, त्यामुळे चार ओळी जास्त लिहितो.

दादा, इलेक्ट्रिक घ्या नाही तर पेट्रोल घ्या, पण शहरात रोजच्या पन्नास किमीसाठी बीएस-६ डिझेल घेऊ नका. धुराच्या वाटेत त्यात एक सिरॅमिकची जाळी असते, मधाच्या पोळ्यासारखी. डीपीएफ म्हणतात. काजळी तिच्यात अडकते. भरत आली की गाडी आपणहून जादा डिझेल सोडून ती काजळी जाळते. पण त्यासाठी गाडी तापलेली लागते आणि पंधरा-वीस मिनिटं साठच्या वर सलग पळावी लागते. आता सिंहगड रोडला साठचा वेग कुठून आणणार? जाळणं अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा अर्धवट. न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं.

मध्यंतरी एक गाडी आली. ऑइलची कांडी काढली तर पातळी वरच्या खुणेच्या बोटभर वर, आणि ऑइलला डिझेलचा वास. मालक म्हणतो, "ऑइल वाढलंय म्हणजे चांगलंच की!" त्याला खाली बसवून समजावलं. नव्या जाळीची किंमत सांगितली तेव्हा तो स्टुलावरून उठेना. मग हळूच विचारतो, "काढून टाकता नाही का येत?"

काढणारे आहेत. आतली जाळी फोडतात, रिकामं नळकांडं परत बसवतात, सॉफ्टवेअरला गप्प करतात. आरसीवर बीएस-६ आणि धूर वीस वर्षांपूर्वीचा. मी करत नाही. पण अशी गाडी पीयूसीत बहुतेक वेळा पास होते. डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराचा गडदपणा बघतात. नायट्रोजन ऑक्साइड कुणी मोजतच नाही.

तुमच्या २०१४ च्या गाडीत ही भानगड नाही. काळा ढेकर इंजेक्टरचा किंवा ईजीआरचा (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) असेल. एकदा घेऊन या.

साडेतीन_मुहूर्त
बीएसचं नाव निघालंच आहे तर माझं दुःख ऐका. २०१७ चा गुढीपाडवा २८ मार्चला होता. मुहूर्तावर, पूर्ण पैसे मोजून, हार घालून, लिंबू चिरडून स्कूटर घरी आणली. २९ तारखेला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्या विकायच्याही नाहीत आणि त्यांची नोंदणीही करायची नाही. ३० आणि ३१ ला शोरूमबाहेर आधारच्या झेरॉक्स घेऊन रांगा. तीच स्कूटर, तोच रंग, शेजाऱ्याने बारा हजार कमी देऊन उचलली. वर मला पेढा द्यायला आला.

आजीचा_चष्मा
@साडेतीन_मुहूर्त, पेढा घेतलात की नाही?

साडेतीन_मुहूर्त
घेतला. बारा हजारांचा पेढा, सोडतो कशाला.

चादरवाला
सोलापूरकरांना एक जुना मान आठवला. २०१० ला देशभर बीएस-३ आलं तेव्हा दिल्ली परिसर आणि मोजक्या तेरा शहरांना थेट बीएस-४ लागू झालं. मुंबई, पुणे, चेन्नई, बंगळूर अशा बड्या मंडळींच्या पंगतीत आमचं सोलापूर! आयुष्यात एकदा पहिल्या पंगतीला पान मांडलं, तेही गाडी महाग करून. मग ओळखीतल्या काहींनी शेजारच्या जिल्ह्यातला पत्ता दाखवून बीएस-३ टेम्पो उचलले आणि चालवले सोलापुरातच. निकष जिल्ह्याच्या हद्दीला थांबतात, टेम्पो थांबत नाही. २०१७ ला सगळीकडे बीएस-४ झालं आणि ही गंमत संपली.

रोलरवरची_गाडी
याच क्षेत्रात नोकरी, म्हणून पानादादांना थोडी पुरवणी.

पूर्वी गाडी फक्त प्रयोगशाळेत तपासत. गाडी रोलरवर उभी, चाकं जागेवर फिरताहेत, ड्रायव्हरसमोर पडद्यावर वेगाची रेघ. ती रेघ पकडून चालवायची. कमाल वेग ताशी ९० किमी, घाट नाही, खड्डा नाही, ओव्हरटेक करणारा डंपर नाही. परीक्षेचा पेपर आधीच माहीत असल्यासारखं. २०१५ चं फोक्सवॅगन प्रकरण हेच होतं. आपली परीक्षा चालू आहे हे सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरती गाडी सभ्य व्हायची. भारतात आपल्या पुण्याच्या टेकडीवरच्या एआरएआयने (गाड्या तपासणारी संस्था) तपासणी केली आणि कंपनीला सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा आहे. त्यात गाडीच्या मागे मोजणारं यंत्र बांधून ती खऱ्या रस्त्यावर पळवतात. मागचा धूर मागेच पकडायचा.

धागाकर्त्यांसाठी आकडे: बीएस-४ डिझेल कारला किमीला २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती, बीएस-६ ला ८०. कणांची मर्यादा २५ वरून साडेचारवर आली. इंधनातलं गंधक ५० पीपीएमवरून (दहा लाखांत ५० भाग) १०. मधली पाचवी पायरी गाळून १ एप्रिल २०२० ला आपण हे केलं, तेही टाळेबंदीच्या आठवड्यात. रिफायनऱ्यांनी काम वेळेत उरकलं होतं, याचं कौतुक फारसं कुणी केलं नाही.

एसटीप्रेमी
सगळा धागा कारवाल्यांचा दिसतोय. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून नगरला गेली. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ ला, त्याच मार्गावर पहिली इलेक्ट्रिक शिवाई धावली. मी दुसऱ्या आठवड्यात बसलो होतो. इंजिनाची घरघर नाही, त्यामुळे मागच्या सीटवरच्या काकू फोनवर सुनेबद्दल काय बोलताहेत ते शिरूरपर्यंत सगळ्या गाडीला ऐकू आलं. तोटा असेल तर तेवढाच.

एक बस विजेवर गेली की रस्त्यावरचा किती धूर कमी होतो याचा हिशेब तपासनीसांनी करावा.

झाडीपट्टी
राजेहो, तुमचा धागा सकाळपासून वाचून राह्यलो. कोणी विचारूनच नाही राह्यलं का ही वीज येते कुठून.

मी चंद्रपूरचा. २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे आमच्याकडे. माझी आई उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण घालते. आधी चादर, वर कुरड्या, त्यावर पातळ साडी. संध्याकाळी ती साडी झटकायचं काम लहानपणापासून माझ्याकडं. झटकली का हाताला बारीक करडी भुकटी लागते. वारा जास्त असला तर ती साडीतूनही खाली उतरते. मग आई दातानं एक तुकडा मोडते आन् म्हणते, "कचकच लागते." पुण्याच्या शाळेच्या फाटकावरचा धूर गेला, मान्य. पण थो गेला कुठं?

आन् नियमांचंच म्हणाल तर तुमच्या कारवर २०२० ची तारीख पडली, थे पाळल्या गेली. वीज केंद्रांसाठी डिसेंबर २०१५ मध्ये निकष काढले होते. सल्फर डायऑक्साइड पकडणारी यंत्रं दोन वर्षांत बसवायची होती. मुदत वाढली, परत वाढली, परत वाढली, आन् जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच देऊन टाकली. सायलेन्सरला एक न्याय, चिमणीला दुसरा. का बाप्पा?

हिशेबतपासनीस
@झाडीपट्टी, प्रश्न रास्त आहे. आकड्यांत लपवण्यासारखं काही नाही. आपल्याकडे अजून तीन चतुर्थांशाच्या आसपास वीज कोळशाची. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे इलेक्ट्रिक कारचे किमीला ११० ग्रॅम. धागाकर्त्यांच्या डिझेलचे १५०. फरक आहे, पण जाहिरातीत दाखवतात तसा आकाश-पाताळाचा नाही. वर्षाला पंधरा हजार किमीला सव्वादोन टनांच्या जागी एक टन साडेसहाशे किलो. बॅटरी बनवतानाचा धूर वेगळा.

तरी मी इलेक्ट्रिकच म्हणेन. आज घेतलेली डिझेल दहा वर्षांनी अजून घाण होणार. ग्रिडमध्ये सौर आणि पवन वाढत जाईल तशी तीच इलेक्ट्रिक गाडी जागेवर उभ्या उभ्या स्वच्छ होणार. आणि कोट्यवधी सायलेन्सर सुधारण्यापेक्षा एक चिमणी सुधारणं सोपं.

झाडीपट्टी
सोपं आहे नं? मंग करून का नाही राह्यले? दहा वर्षं झाली.

हिशेबतपासनीस
याला माझ्याकडे उत्तर नाही.

आजीचा_चष्मा
झाडीपट्टी, तुमच्या आईंच्या कुरड्यांवरून आठवलं, आमच्या धायरीत हल्ली बांधकामाची धूळ एवढी की मी वाळवण खोलीत पंख्याखाली घालते. चव येत नाही ती नाहीच.

फ्योर्डकाठी
नॉर्वेतून नमस्कार. इथे २०२४ मध्ये विकलेल्या नव्या कारपैकी दहात जवळपास नऊ पूर्ण इलेक्ट्रिक होत्या. भारतातून येणारे पाहुणे हे ऐकून "वा, किती जागरूक लोक" म्हणतात. जागरूक वगैरे ठीक आहे, पण खरं कारण कर. पेट्रोल गाडीवर इथे इतका कर बसतो की घाम फुटावा. इलेक्ट्रिकला २००१ पासून व्हॅट माफ, त्याआधीपासून टोल माफ, पुढे बसच्या मार्गिकेतून जायलाही मुभा. लोकांची सवय झाल्यावर सवलती हळूहळू काढून घेतल्या. आता टोल भरावा लागतो, आणि २०२३ पासून महागड्या गाड्यांना पाच लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर व्हॅटही लागू झाला.

आणि इथली वीज जवळजवळ सगळी पाण्याची आणि वाऱ्याची, त्यामुळे झाडीपट्टींचा प्रश्न इथे कुणाला पडत नाही. इथे दुसराच प्रश्न आहे. देश स्वतः विजेवर फिरतो आणि तेल जगाला विकतो. ऑफिसात एकदा जेवताना हे बोललो तर सगळे आपापल्या डब्यात बघायला लागले.

हिवाळ्यात उणे पंधराला एका चार्जमध्ये चारशे किमी जाणारी माझी गाडी २८० वर येते. तुम्हाला ती चिंता नाही, उन्हाळ्याची असेल.

तेरेखोल
उन्हाळ्यावरून: २०२२ मध्ये स्कूटरी पेटल्याच्या बातम्या रोज यायच्या. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्या कडक झाल्या, हे खरं. तरी आमचे वडील अजून स्कूटर अंगणातच चार्ज करू देतात, तुळशीपासून लांब.

फणसाचा_गरा
आता गंभीर प्रतिसाद. पुणे-गुहागर इलेक्ट्रिकने चार वेळा केलंय.

पुण्याहून शंभर टक्क्यांनी निघा. उंब्रजला उजवीकडे वळायच्या आधी जेवण आणि चार्जिंग एकदमच उरका. पुढे पाटण, कोयनानगरपर्यंत टक्के झरझर उतरतात, छातीत धडधडतं. मग कुंभार्ली घाट लागतो. घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की गाडी स्वतःच स्वतःला चार्ज करते. माथ्यावर ४१ टक्के होते, पायथ्याशी ४४. बायकोला म्हटलं, बघ, घाट उतरायचे पैसे मिळाले. ती म्हणाली, "चढताना दिलेलेच परत मिळालेत."

चौथ्या खेपेला मात्र चिपळूणचा चार्जर बंद. म्हणजे चार्जर ठणठणीत, पण पैसे भरायचं ॲप उघडेना, रेंजच नाही. पाऊण तास हॉटेलवाल्याच्या वायफायवर. त्या पोराने पासवर्ड दिला, पण आधी दोन कोकम सरबतं घ्यायला लावली. तेव्हा दोन-तीन ॲप घरूनच उतरवून ठेवा आणि त्यांत थोडे पैसे भरून ठेवा.

रच्याकने, सासुरवाडीला पंधरा अँपियरचा प्लग आणि धड अर्थिंग आहे का ते सासऱ्यांना विचारा. रात्रभरात परतीपुरतं नक्की होतं. आमच्याकडे अर्थिंग नव्हतं, गाडीने चार्ज व्हायला नकार दिला. सासरेबुवांनी तो अपमान मानला आणि दुसऱ्या दिवशी खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून अर्थिंग केलं.

आजीचा_चष्मा
जावयासाठी कोंबडं कापतात ऐकलं होतं, अर्थिंग खणल्याचं पहिल्यांदाच ऐकतेय.

चाळीसगावकर_शेतकरी
सगळं ठीक, पण ट्रॅक्टर कुणाच्या गणतीतच नाही. पन्नास एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून नवे निकष लागले, किमती वाढल्या. म्हणून लोक आता पन्नासच्या आतलेच घेतात. कायदा पन्नासला, तर माणूस एकोणपन्नासला. विजेच्या ट्रॅक्टरचं म्हणाल तर आधी शेतातल्या मोटारीला दिवसा वीज द्या. मग बोलू.

एसटीप्रेमी
चाळीसगावकरांना +१. रात्री दोनला मोटार सुरू करायला जाणाऱ्या माणसाला "घरीच रात्री चार्ज करा" सांगणं म्हणजे कमाल आहे.

रोलरवरची_गाडी
दोन दिवसांत धागा वडगावहून निघून सोलापूर, चंद्रपूर, नॉर्वे, चिपळूण करून चाळीसगावला पोचला. एका चार्जमध्ये. धागाकर्ते आहेत का?

वडगावचा_वाटसरू
आहे आहे. सगळं वाचलं, काही भाग घरी मोठ्याने वाचून दाखवले. मुलीला झाडीपट्टींच्या कुरड्यांचा प्रतिसाद वाचून दाखवला तर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आपण त्यांच्या गच्चीवर टाकणार?" मलाही तपासनीसांसारखंच उत्तर सुचलं नाही. सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेलचा विषय वार्षिक सभेत मांडतो म्हटलं, निदान.

सेक्रेटरीकाकांना वेगळ्या मीटरचं सांगितलं. "लेखी द्या" म्हणाले. दिलंय.

वडगावचा_वाटसरू (साडेतीन महिन्यांनी)
धागा वर काढतोय, क्षमस्व. मीटर बसला. सभेत दोन तास खडाजंगी झाली. त्यातला दीड तास पार्किंगमधल्या एका जुन्या कुत्र्यावर गेला. एनओसी मिळाली, अट एवढीच की प्लगच्या पेटीला कुलूप हवं आणि एक किल्ली काकांकडे. परवा कळलं, काका स्वतः इलेक्ट्रिक स्कूटर बघून आलेत. सौर पॅनेल "पुढच्या सभेत".

गाडी बुक केली, पुढच्या महिन्यात येईल. सासऱ्यांना अर्थिंगचं विचारलं, आहे म्हणाले. बघू.

पानादादा, तुमच्याकडे इंजेक्टर साफ केल्यापासून जुनीचा ढेकर जवळजवळ थांबलाय. एवढी चांगली चालतेय की आता द्यायला जीव होत नाही. पण दोन गाड्यांना पार्किंग नाही.

बारातेराचा_पाना
अभिनंदन! पेढे गॅरेजवर.

जुनी ॲपवर टाकू नका, पडेल भावात मागतील. माझ्याकडे दोन गिऱ्हाइकं आहेत, एक उदगीरचं, एक वरोऱ्याचं. दोघांनाही जाळी नसलेली डिझेलच हवी. पीयूसी किती महिने शिल्लक आहे तेवढं कळवा.

झाडीपट्टी
वरोरा म्हणजे आमचाच जिल्हा हो दादा. उदगीरवाल्यालाच द्या.